मोटारीचे मागचे पाटे : दोष कसा ओळखावा, भाग कसा बदलावा



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात पाडली ती १८७५ साली. त्या वेळी पेट्रोलवर चालणारी मोटार जगात आलेली नव्हती. कार्ल बेंझने आपल्या मोटारीचे पेटंट घेतले ते १८८६ साली. अशा व्यासपीठांवर तत्त्वज्ञान, इतिहास व राजकारण यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. मोटारीच्या पोटाखालच्या लोखंडाची चर्चा झाली असलीच तर ती फार थोडी. परंतु आज लक्षावधी माणसे त्या लोखंडाच्या भरवशावर रोज कामाला जातात, आणि हजारो माणसे त्याखाली निजून आपले पोट भरतात. त्यांच्या हातची विद्या हीही विद्याच होय, असे आम्ही मानतो.

आम्ही पदवीधर नव्हे. गॅरेजात पाने पुसता पुसता जे कानावर पडले, पुढे ग्रंथालयात बसून जे वाचले, आणि वाहतूक कामगारांच्या संघटनेचे काम करताना जे डोळ्यांनी पाहिले, तेवढीच आमची शिदोरी. तीतून आज एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवावयाची आहे. मागचा पाटा किंवा स्प्रिंग एका दिवसात मोडत नाही. ती मोडण्यापूर्वी गाडी सांगत असते, आणि मोडल्यावर तिचा तुकडा सांगतो. हे सांगणे ज्याला वाचता येते तो फसत नाही, खोट्या दोषाखाली दबत नाही, आणि पुष्कळदा मरणातूनही वाचतो.

पाट्याची तीन कामे

मागच्या चाकांना गाडीशी जोडणाऱ्या सगळ्या भागांना मिळून सस्पेन्शन असे म्हणतात. त्याची कामे तीन. पहिले काम भार पेलण्याचे : चाक खड्ड्यात गेले किंवा दगडावर चढले तरी त्याचा धक्का तसाच्या तसा वर बसलेल्यांना लागू नये. हे काम स्प्रिंगचे. दुसरे काम झोके आवरण्याचे : दाबलेली स्प्रिंग सोडली की ती वरखाली झुलत राहते, ते झुलणे लवकर थांबले पाहिजे. हे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्याच्या बारीक भोकांतून ते तेल जाताना अडते आणि झोका मरतो. तिसरे काम धुरा, म्हणजे मागचा ॲक्सल, जागच्या जागी धरून ठेवण्याचे : तो पुढे-मागे अगर डाव्या-उजव्या अंगाला सरकू नये.

पाट्यांच्या गाडीत पहिले आणि तिसरे काम पाटेच करतात. पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. सर्वांत लांब तो मुख्य पाटा, आणि खाली क्रमाने आखूड होत जाणारे बाकीचे. मुख्य पाट्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असून त्यांत रबरी बुश बसतात. पुढचे टोक गाडीला एका बोल्टाने पक्के जोडलेले असते. मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या पट्ट्यांना टांगलेले असते, कारण भार आला की पाटा सरळ होऊन लांबतो आणि त्याला हलण्यास जागा लागते. मधोमध सगळे पाटे एका सेंटर बोल्टाने ओवलेले असतात, आणि दोन यू-बोल्टांनी ते ॲक्सलवर आवळलेले असतात. ही रचना घोडागाडीपासून चालत आलेली आहे. टांग्याखाली ज्यांनी वाकून पाहिले आहे त्यांना ती नवी वाटणार नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, अशाच पाट्यांवर मुंबईची टॅक्सी म्हणून राबली. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. २०१४ पर्यंत बनलेली अँबॅसडर आणि २०१९ पर्यंत बनलेली मारुती ओम्नी यांनाही मागे पाटेच. बोलेरो आणि टाटा एससारखे छोटे टेम्पो आजही पाट्यांवर चालतात. स्विफ्ट किंवा डिझायरसारख्या गाड्यांना मात्र मागे वेटोळ्याची स्प्रिंग असते. वेटोळे फक्त भार पेलते; चाके जागेवर धरण्याचे काम दोन्ही चाकांना जोडणाऱ्या, पीळ खाणाऱ्या पोलादी तुळईकडे असते, आणि ती तुळई दोन मोठ्या रबरी बुशांनी गाडीला जोडलेली असते. फरक आणखी एक आहे. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे शॉकअप थकला तरी थोडा झोका तेच मारतात. वेटोळ्याला घर्षण नाही म्हटले तरी चालेल. तेथे शॉकअप गेला की गाडी होडीसारखी डुलू लागते.

गाडी काय सांगते

तपासणीस महागडी यंत्रे लागत नाहीत. सपाट जमीन, एक मोजपट्टी, एक विजेरी आणि दहा मिनिटांचा वेळ एवढे पुरे.

प्रथम चारही चाकांत हवा ठरल्याप्रमाणे भरावी, डिक्की रिकामी करावी आणि गाडी सपाट जागी उभी करावी. मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजावे. प्रथम डावे, मग उजवे. आमचा ठोकताळा असा की, फरक १ सेंटिमीटरच्या आत असला तर चिंता नको. २ सेंटिमीटरवर गेला तर त्या बाजूला काहीतरी मोडले आहे किंवा बसले आहे. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर डाव्या-उजव्याची तुलना फसवते. म्हणून गाडी चांगली असतानाच हे अंतर वहीत लिहून ठेवावे.

दुसरे माप पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतले. पुढची चाके सरळ ठेवून दोन्ही अंगांनी मोजावे. बहुतेक गाड्यांत ही दोन अंतरे सारखी असतात. पाट्यांच्या गाडीत एका बाजूचे अंतर कमी भरले तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकला असण्याचा संभव फार. अशी गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. मागून येणाऱ्या माणसाला ते दिसते, चालविणाऱ्याला फक्त स्टिअरिंग एका अंगाला धरून ठेवावे लागते.

तिसरी परीक्षा हाताची. मागचा कोपरा जोराने दाबून सोडावा. गाडी वर येऊन स्थिर झाली पाहिजे. दोन-तीन झोके घेत राहिली तर शॉकअप थकला असे समजावे. मात्र या परीक्षेत उत्तीर्ण झालेला शॉकअप चांगलाच असेल असे नव्हे. म्हणून त्याचे अंगही पाहावे. नळीवर किंचित ओलसर धूळ असणे हा दोष नाही. तेलाचा ओघळ दिसणे हा दोष आहे. टायरवरून हात फिरवावा. रबर ठिकठिकाणी वाटीसारखे खोलगट झाले असेल तर चाक जमिनीवर नीट न टेकता उडत चालले आहे.

आवाजही ऐकावेत. लहान खड्ड्यावर बारीक ठकठक आली तर बुश किंवा शॉकअपचा बोल्ट सैल आहे. मोठ्या खड्ड्यावर धाडकन एकच ठोका बसला तर स्प्रिंग बसली आहे आणि ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटत आहे. वळणावर आणि ब्रेक लावताना गाडी मागून सरकल्यासारखी वाटली तर बुश फाटले आहेत. ब्रेकवर गाडी ओढते म्हणून ब्रेक उघडावेत आणि दोष बुशाचा निघावा, हे आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होतो.

शेवटी विजेरी घेऊन खाली पाहावे. पाट्याच्या मधल्या बोल्टापाशी, यू-बोल्टांच्या कडांपाशी आणि वळलेल्या टोकांपाशी चिखल खरवडून काढावा आणि आडवी रेघ दिसते का ते पाहावे. वेटोळ्यात सर्वांत खालचा वेढा पाहावा. तो आपल्या बैठकीत बसतो, तेथे पाणी व चिखल साठतो, रंग निघतो आणि गंज चढतो. पुष्कळ वेटोळी तेथेच मोडतात. शेवटचा अर्धा वेढा मोडला तर चालकाला पत्ताही लागत नाही. परंतु मोडलेले टोक सरकून टायरला लागले तर ते टायर कापू शकते.

मोडलेला तुकडा काय सांगतो

पुष्कळ लोकांची समजूत अशी की, खड्डा आला, धक्का बसला आणि पाटा मोडला. क्वचित तसे होते. बहुधा गोष्ट महिनेन् महिने चाललेली असते. पोलादाच्या अंगावर कोठेतरी ओरखडा, गंजाचा खड्डा किंवा भोकाची कड असते. तेथे प्रत्येक झोक्याला ताण एकवटतो आणि केसाएवढी भेग पडते. ती भेग रोज थोडी थोडी आत जाते. उरलेले पोलाद भार पेलण्यास अपुरे पडले की एखाद्या साध्या खड्ड्यावर बाकीचा भाग एकदम तुटतो.

हे ज्ञान फार महागात मिळालेले आहे. १८४२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा धुरा मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसे मेली. वरवर धडधाकट दिसणारा धुरा मोडतो कसा, हा प्रश्न त्यानंतर इंजिनियरांना भेडसावू लागला. पुढे ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे इंजिनियरने धुऱ्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखविले की, एका वेळी सहज पेलवणारा भारसुद्धा पुन्हापुन्हा पडत राहिला तर लोखंड मोडते. माणूस थकतो तसे पोलादही थकते, असे आम्ही आमच्या सभांत सांगतो. आणि ते ऐकणाऱ्यांना दुसऱ्यांदा समजावून द्यावे लागत नाही.

आता मोडलेले तोंड उजेडात धरावे. थकून मोडलेल्या पोलादाच्या तोंडावर दोन भाग दिसतात. एक भाग गुळगुळीत व काळपट असतो. भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासून तो तसा झालेला असतो. त्यावर पुष्कळदा ओहोटीच्या वेळी वाळूवर उमटणाऱ्या ओळींसारख्या वळणदार रेषा असतात. दुसरा भाग खडबडीत व दाणेदार असतो. तो शेवटच्या क्षणी तुटलेला. गुळगुळीत भाग जितका मोठा तितकी भेग जुनी. सगळेच तोंड दाणेदार व लख्ख असले तर मात्र तो पाटा एका तडाख्यात गेला असण्याचा संभव अधिक. येथे एक सावधगिरी हवी : केवळ गंजावरून निवाडा करू नये. आपल्या पावसाळ्यात ताज्या लोखंडावरही एका रात्रीत तांबूस गंज चढतो. म्हणून तुकडा त्याच दिवशी पुसून, तेलाचा हात लावून, कागदात गुंडाळून ठेवावा. दोन्ही तोंडे एकमेकांना लावून पाहू नयेत. त्याने खुणा पुसल्या जातात.

मोडण्याची जागाही बोलते. मधल्या भोकापाशी मोडला असेल तर प्रथम यू-बोल्टांवर संशय घ्यावा. ते सैल पडले की मधला भाग आवळलेला राहत नाही आणि सगळी वाकणूक भोकावर येते. यू-बोल्टांच्या लगत बाहेर मोडला असेल तर जादा भार किंवा वय. टोकाच्या वळीत मोडला असेल तर तेथला बुश अडकला होता किंवा पार झिजला होता. काहीही न मोडता सगळेच पाटे सरळ झाले असतील तर ती गाडी आपल्या ताकदीबाहेर ओझे वाहत आली आहे.

ही साक्ष किती कामाची असते याचे एक उदाहरण सांगतो. एका मालवाहतूक मालकाकडे भर पावसाळ्यात एका टेम्पोचा मुख्य पाटा मोडला. चालकाने खड्ड्यातून गाडी बेफाम हाकली असा ठपका ठेवून पाट्याची किंमत आणि गाडी ओढून आणण्याचा खर्च त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापण्याचे ठरले. चालक आमच्याकडे आला तेव्हा तो खड्डा किती मोठा होता हेच सांगत होता. आम्ही विचारले, तुकडा कोठे आहे? तो गॅरेजच्या भंगारात पडला होता. काढून, पुसून पाहिला, तर तोंडाचा निम्म्याहून अधिक भाग गुळगुळीत आणि काळा. तोच तुकडा आम्ही मालकाच्या मेजावर ठेवला आणि गॅरेजच्या मिस्त्रीलाच बोलते केले. ही भेग फार दिवसांची आहे, असे त्याने सांगितले. मालक कपाळाला आठ्या घालून बसला, परंतु कपात रद्द झाली.

कायदाही या बाबतीत मुका नाही. नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, आणि त्याच्या हयगयीने झालेल्या नुकसानीहून अधिक रक्कम कापता येत नाही, हे तत्त्व १९३६ च्या वेतनविषयक कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते राखलेले आहे. परंतु बाजू मांडण्यास पुरावा लागतो, आणि येथे पुरावा म्हणजे तो हातभर लोखंडाचा तुकडा. तुकड्याचे तोंड ताजे निघाले आणि चालकाची बेपर्वाई खरी ठरली, तर संघटनेनेही ते मान्य केले पाहिजे. साक्षीदार आपला तेव्हाच म्हणावा, जेव्हा त्याची उलट साक्षही ऐकण्याची आपली तयारी असते.

बदलण्याची रीत

आता पाटा बदलावयाचा आहे असे समजू. सर्व सूचनांच्या आधी एक सूचना : जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली गाडी धरून ठेवण्यासाठी नव्हे. हायड्रॉलिक जॅकमध्ये सारा भार तेलाच्या दाबावर उभा असतो. एक रबरी सील गेले की तो बसतो. गाडीत घेऊन हिंडतो तो कात्रीचा जॅक जरा धक्का लागला तरी कलंडतो. उचललेल्या गाडीखाली लोखंडी घोड्या लावल्याशिवाय कोणी शरीराचा कोणताही भाग घालू नये. विटा, दगड किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे घोडीच्या जागी चालत नाहीत. ते भाराखाली पूर्वसूचना न देता फुटतात.

काम सपाट व टणक जमिनीवर करावे. मागची बाजू उचलावयाची असल्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. हँडब्रेकवर विसंबू नये; बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना धरतो, आणि ती चाके हवेत गेली की त्याचा उपयोग संपतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरचेही तसेच. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. यू-बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल सोडून ठेवले तर सकाळी निम्मा त्रास वाचतो.

गाडी उचलून घोड्या चासीच्या भक्कम भागाखाली, पाट्याच्या पुढच्या जोडाच्या थोडे पुढे लावाव्यात. जॅक मग ॲक्सलखाली घेऊन त्याचे वजन पेलावे, म्हणजे पाट्यावरचा ताण उतरतो. चाक काढावे. शॉकअपचे खालचे टोक सोडवावे. ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हे क्षणोक्षणी पाहावे. यू-बोल्ट काढले की ॲक्सल फक्त जॅकवर उरतो. म्हणून जॅक त्याच्या मध्याशी नीट बसलेला हवा. मग मागची शॅकल आणि शेवटी पुढचा बोल्ट काढून पाटा उतरवावा.

नवा पाटा जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून पाहावा : लांबी, पट्ट्यांची संख्या, टोकांची रुंदी आणि सेंटर बोल्टाची जागा. पुष्कळ पाट्यांत सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर नसतो. पुढची बाजू आखूड असते. उलटा बसविला तर ॲक्सल जागेवर येत नाही. चढविताना प्रथम पुढचे टोक, मग शॅकल; दोन्ही बोल्ट हातानेच लावून सोडावेत. सेंटर बोल्टाचे डोके ॲक्सलच्या बैठकीतील भोकात बसले आहे ना, हे बोट घालून नव्हे तर विजेरीने पाहावे. त्या जागी सापडलेले बोट सुटत नाही. यू-बोल्ट व त्यांचे नट नवेच वापरावेत, कारण जुन्यांचे आटे ताणलेले असतात. चारही नट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जावे आणि शेवटी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने घट्ट करावेत.

टोकांचे बोल्ट मात्र अजून पक्के करावयाचे नाहीत. चाक लावून, गाडी जमिनीवर उतरवून, तिचे वजन पाट्यांवर आल्यानंतरच ते आवळावेत. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. रबरी बुश बोल्टावर फिरत नाही; तो आवळला जातो आणि स्वतःला पीळ देऊन हालचाल सोसतो. गाडी हवेत असताना आवळला तर जमिनीवर येताच तो कायमचा पिळलेल्या स्थितीत राहतो, आणि थोड्याच महिन्यांत फाटतो. बुश बसविताना ग्रीस किंवा इंजिनचे तेल लावू नये. त्याने रबर फुगते व कुजते. साबणाचे पाणी पुरे. साधारण शंभर किलोमीटर चालवल्यावर यू-बोल्टांचे नट पुन्हा तपासावेत. हे शेवटचे काम जो टाळतो त्याचा पाटा पुन्हा मधल्या भोकापाशी मोडतो.

वेटोळ्याच्या गाडीत, स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळे असतील तर काम सोपे. दोन्ही बाजूंनी घोड्या लावून, तुळईखाली जॅक धरून, शॉकअपचे खालचे बोल्ट काढावेत आणि जॅक हळूहळू उतरवावा. स्प्रिंग सैल झाली की हातात येते. तुळई ब्रेकच्या नळ्यांवर लोंबू देऊ नये. नव्या स्प्रिंगच्या वरची-खालची रबरी बैठकही नवी घालावी आणि वेढ्याचे टोक बैठकीतल्या खोबणीत टेकवावे. जेथे वेटोळे शॉकअपवरच चढविलेले असते तेथे मात्र स्प्रिंग दाबून धरणारे खास क्लॅम्प लावल्याशिवाय वरचा नट कधीही उघडू नये. त्या वेटोळ्यात दाबून ठेवलेली शक्ती माणसाचे डोके फोडण्यास पुरेशी असते. ती हत्यारे नसतील तर हे काम ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे न्यावे.

खोटी बचत

स्प्रिंग आणि शॉकअप हे दोन्ही बाजूंचे जोडीने बदलावेत. एका बाजूला नवी ताठ स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला दमलेली जुनी, अशी गाडी तिरपी उभी राहते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना दगा देऊ शकते.

मोडलेला पाटा वेल्डिंग करून कधीही घालू नये. पाट्याचा चिवटपणा त्याला दिलेल्या पाण्यात असतो, म्हणजे पोलाद तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापविण्यात. वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळचे पाणी उतरते आणि पाटा तेथेच पुन्हा मोडतो, तोही बहुधा ओझ्याखाली. बसलेला पाटा ठोकून त्याला कमान देण्याचा धंदाही चालतो. पोलादाला रीतीने पुन्हा पाणी दिले नसेल तर ती कमान फार दिवस टिकत नाही.

तिसरी खोटी बचत म्हणजे पाटे वाढविणे, किंवा वेटोळ्यांत रबराचे ठोकळे घुसविणे. गाडी वर दिसते, माल अधिक भरता येतो, मालक खूश होतो. परंतु धक्का नाहीसा होत नाही. पूर्वी जो स्प्रिंगमध्ये जिरत होता तो आता चासीच्या जोडांत आणि चालकाच्या कण्यात जाऊ लागतो. वर्षानुवर्षे गाडीचे हादरे सोसणाऱ्या चालकांत कंबरदुखीचे प्रमाण अधिक असते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. वाढविलेल्या पाट्याचा खर्च मालकाच्या वहीत मांडला जातो, कंबरेचा खर्च मात्र चालकाच्या घरात. हा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा. संघटना त्यासाठीच असते.

आपण काय करावे

ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनी महिन्यातून एकदा मोजपट्टी लावावी, आणि गॅरेजातून जुने भाग मागून घ्यावेत. तुकडा दाखवा, असे नम्रपणे म्हटले की प्रामाणिक मिस्त्रीला आनंद होतो आणि अप्रामाणिकाला घाम फुटतो.

जे दुसऱ्याची गाडी चालवितात त्यांनी गाडी ताब्यात घेतानाच खाली वाकून पाहावे, आणि दोष दिसल्यास तारीख घालून लेखी कळवावे. ही दहा मिनिटे कामाच्या वेळातच धरली गेली पाहिजेत, ही मागणी प्रत्येक वाहतूक संघटनेने लावून धरावी. लेखी कळवूनही गाडी रस्त्यावर काढावयास लावली, तर पुढचा दोष कोणाचा हे त्या कागदावर लिहिलेले राहते.

आणि जे गाडीखाली निजतात त्यांच्याविषयी. चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामास ठेवणे कायद्याने बंद आहे. तरीही नटांचे डबे उचलणारी लहान पोरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मोठ्या कारागिरांच्याही वाट्याला पुष्कळ ठिकाणी एकच जुना जॅक आणि दोन विटा येतात. लोखंडी घोड्यांची जोडी ही एखाद्या पाट्याच्या किमतीपुढे मोठी वस्तू नव्हे. पुढच्या वेळी आपली गाडी वर चढलेली दिसेल तेव्हा आपण खर्चाचा आकडा विचारण्यापूर्वी एकदा वाकून पाहा, आणि घोड्या लावलेल्या नसतील तर खालच्या माणसाला बाहेर येण्यास सांगा. काम तासभर उशिरा झाले तरी चालेल. मोडलेला पाटा बाजारात पुन्हा मिळतो, आणि त्याच्या बदलीची रीत आताच आम्ही सांगितली. त्या माणसाच्या बदलीची रीत कोणत्याही पुस्तकात नाही.